पाठकोरे

मार्चमध्ये परिपत्रक आलं, दोन पानी,
'कार्यालयीन कचऱ्याचे वर्गीकरण करणेबाबत.'
त्याच्या अकरा झेरॉक्स काढल्या आम्ही,
सगळ्या एका बाजूनं कोऱ्या.

रिमच्या रिकाम्या खोक्यांवर
मार्करनं लिहिलं मी, ऱ्हस्वदीर्घ तपासून:
पाठकोरे. दोन्हीकडून संपलेले. प्लास्टिक.
घरकुलाच्या तक्त्याखाली ओळीनं मांडली
आणि फोटो काढून जिल्ह्याला पाठवला.

आठ दिवसांनी पाठकोऱ्यांत निघालं:
केळीची सालं, मोडकं पंच मशीन,
कुणाच्या तरी डब्यातली अंबाडीची भाजी
आणि खर्र्याच्या पन्न्या, एकोणतीस.
मोजल्या मी. रागानं मोजल्या.

कवडूभाऊ शिपाई दाराला टेकून पाहत होते.
"मॅडम, अक्षर बेस आहे तुमचं.
पण कचरा टाकताना वाचते कोण?
हात जिथं जाते, तिथं डबा पाह्यजे."

मग दोन दिवस त्यांनी नुसते हात पाहिले.
ढोमणे साहेबांचा हात खुर्चीच्या डावीकडे सुटतो.
नैताम मॅडम चुरगाळल्याशिवाय कागद सोडत नाहीत.
रोजगार हमीचा ठवकर खर्रा घोटत उठतो,
पन्नी बरोब्बर उंबऱ्यावर पडते,
जणू तिथं सही करायची असते.

एक खोकं प्रिंटरच्या पोटाशी गेलं,
एक ढोमणे साहेबांच्या डाव्या हाताखाली,
आणि उंबऱ्याबाहेर तेलाचा पिपा, पन्न्यांसाठी.
चिठ्ठी कशावरच नाही.

एप्रिलात कूलर लागला
आणि पाठकोरे उडाले आवक-जावकपर्यंत.
कवडूभाऊंनी वीट आणली, नळाखाली धुऊन.
आमच्या सगळ्या यंत्रणेत
ती वीट तेवढी पुढं बदलावी लागली नाही.

जेवणानंतर ते वह्या शिवायचे,
दाभण आणि उरलेली लाल फीत घेऊन.
एके दुपारी दाभण थांबलं.
"मॅडम, हे रद्दी नोहे."

झिबलाबाई सोमा आत्राम, मुक्काम चिखलधोकडा.
घरकुलाचा अर्ज. डाव्या हाताचा अंगठा,
जांभळा, कडेला थोडा घसरलेला.
आवकचा शिक्का नाही.
मागची बाजू स्वच्छ, कोरी, वहीजोगी.

पाच वेळा आली होती ती, एसटीनं.
पाचही वेळा मी मान वर न करता म्हटलं होतं,
"आजी, तुमचा अर्जच आला नाही."

खोक्यात तो गेला कसा, कुणी विचारलं नाही.
प्रिंटरला लागून एकच टेबल आहे. माझं.

शिक्का मारला. तारीख आजचीच पडली,
शिक्क्याला मागं फिरता येत नाही.
नोंदवहीत लिहिताना कवडूभाऊ
खिडकीबाहेर बघत राहिले, बराच वेळ,
बाहेर काहीच नव्हतं, ऊन होतं.

मे सरता सरता रज्जाक कबाडी आला.
साडेएकोणीस किलो, नऊ रुपयांनी.
वरचे आठ आणे त्यानं सोडून घेतले.
पैशांवरून तासभर मीटिंग झाली, चहाही त्यातूनच घ्या म्हणाला ठवकर.
शेवटी दोनशेचा रांजण आला,
कमी पडलेले पंचवीस कवडूभाऊंनी घातले.
बाटल्यांचं खोकं तेव्हापासून जवळजवळ रिकामंच.

आता टाकण्याआधी प्रत्येक कागद
मी उलटा करते, परत सुलटा करते.
परिपत्रकात बहुतेक यालाच
'उगमस्थानी वर्गीकरण' म्हटलं असावं.

सहाव्यांदा आली ती, भर दुपारी.
रांजणाचं पाणी प्यायली उभ्यानंच,
पेला विसळून पालथा घातला.
मी उठले. म्हटलं,
"आजी, अर्ज आला तुमचा."

तिनं पदरानं तोंड पुसलं.
"मी तं कवाच देल्ला होता ना, बाई."